कपूस्तिन यारचे गायरान

व्होल्गोग्राडहून व्होल्गेच्या डाव्या काठाने आग्नेयेकडे निघाले की शंभरेक किलोमीटरच्या आत कपूस्तिन यार नावाचे खेडे लागते. आस्त्राखान प्रांताच्या अगदी वायव्य टोकाचे, पाच-सहा हजार वस्तीचे. रशियन भाषेत ‘यार’ म्हणजे नदीने कापलेला उभा काठ, आपल्याकडची दरड म्हणतात तशी. ‘कपूस्तिन’ हे आडनावासारखे विशेषण असून त्याच्या मुळाशी कोबीचा रशियन शब्द आहे. गावाखालून वाहणारा पाण्याचा फाटा पोदस्त्योप्का या नावाने ओळखला जातो, म्हणजे ‘स्टेपच्या पायथ्याशी असलेली’. गावाचा सगळा भूगोल या एका नावात आला. एका बाजूला पूरमैदान, दुसऱ्या बाजूला कोरडा गवताळ माळ आणि दोहोंच्या सांध्यावर घरे. सोव्हिएत संघातली लांब पल्ल्याच्या अग्निबाणाची पहिली चाचणी १९४७ मध्ये इथूनच झाली आणि भारताचा पहिला उपग्रहही इथूनच वर गेला. अग्निबाणांच्या इतिहासात या जागेचे वर्णन जवळजवळ ठरलेले असते: निर्जन स्टेप, ओसाड माळ, म्हणून सोयीची. या ‘म्हणून’बद्दलच मला शंका आहे. माझ्या मते कपूस्तिन यार निवडले गेले ते बऱ्याच अंशी तिथे माणसांनी उभे केलेले पुष्कळ काही होते म्हणून. आणि त्याच्या पूर्वेची जमीन रिकामी नव्हती, ती रिकामी मोजली गेली. ही मोजणी एका दिवसात झाली नाही, तिला दीडशे-दोनशे वर्षे लागली.

आधी जमीन पाहू. व्होल्गोग्राडजवळ व्होल्गेपासून अख्तुबा नावाची शाखा फुटते आणि मुख्य नदीला समांतर अशी ५३७ किलोमीटर वाहत जाते. या दोन प्रवाहांमधला पट्टा म्हणजे तळी, ओढे, कुरणे आणि झाडी यांचे जाळे. वसंतात बर्फ वितळले की व्होल्गा या पट्ट्यावर पसरे, गाळ टाकी आणि ओसरे. मग गवत कमरेइतके वाढे, मासे तळ्यांत अडकत, आणि आस्त्राखानची प्रसिद्ध कलिंगडे, टोमॅटो, भाज्या या ओलीवर होत. अख्तुबाचा डावा काठ चढून वर आले की दृश्य एकदम बदलते. वर्षाला जेमतेम तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात चाळिशीला टेकणारा पारा, हिवाळ्यात शून्याखाली तीस अंश. फिकट तपकिरी, जागोजाग खारट माती आणि तिच्यावर कडवट वासाचा दवणा व कुसळी गवत. हा सारा कॅस्पियनचा सखल प्रदेश. एके काळी इथे समुद्रच होता, त्यामुळे यातला मोठा भाग आजच्या सागरपातळीच्याही खाली आहे. त्याहून कितीतरी जुन्या समुद्रांचे मीठ जमिनीच्या पोटात प्रचंड घुमटांच्या रूपात साठले आहे. गावापासून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर ईशान्येला एल्तोन आणि आग्नेयेला बास्कुन्चाक ही दोन मोठी खारी सरोवरे आहेत. बास्कुन्चाकच्या काठावर बोग्दो नावाचा दीडशे मीटरांचा डोंगर आहे. एवढ्याशा उंचवट्याला आपण टेकडीही म्हणणार नाही, पण त्या सपाटीत तो कोसांवरून दिसतो आणि बौद्ध काल्मिक त्याला पवित्र मानतात.

या माळावर शेती करायची म्हटली तर तो दरिद्री आहे. गुरे-मेंढ्या-घोडे चारायचे म्हटले तर नाही, मात्र चाल बदलावी लागते. एका जागी बसून चारले की गवत संपते, म्हणून कळप उन्हाळ्यात एकीकडे, हिवाळ्यात दुसरीकडे न्यावे लागतात. याचा अर्थ असा की कोणत्याही एका दिवशी पाहिले तर या जमिनीचा बराचसा भाग मोकळाच दिसणार, आणि तो मोकळा असणे हीच तिच्या वापराची रीत आहे. मराठीत आपल्याकडे ‘पडीक’ आणि ‘गायरान’ असे दोन वेगळे शब्द आहेत. दोन्ही जमिनींवर नांगर नसतो. पण गायरानावर गावाची गुरे असतात आणि ते हडपले की गावात आरडाओरडा होतो. व्होल्गेपलीकडच्या स्टेपचा इतिहास हा एका गायरानाची नोंद पडीक म्हणून कशी होत गेली याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

कपूस्तिन यारच्या वरच्या अंगाला, अख्तुबाच्याच काठावर तीसेक किलोमीटरवर त्सारेव्ह नावाचे खेडे आहे. तिथे चौदाव्या शतकात सुवर्ण टोळीचे, म्हणजे मंगोल साम्राज्याच्या पश्चिम शाखेचे, एक मोठे शहर होते. बहुतेक अभ्यासक ते ‘नवे सराय’ असल्याचे मानतात. १८४३ ते १८५१ या काळात तेरेश्चेन्को या संशोधकाने तिथे उत्खनन केले तेव्हा पक्क्या विटांच्या इमारती, कालवे, तलाव, कारागिरांच्या कार्यशाळा आणि नाण्यांचे ढीग सापडले. हे शहर ओसाडीत चुकून उगवलेले नव्हते. नदीचा पाणवठा आणि माळाची कुरणे यांच्या त्याच सांध्यावर ते वसले होते, ज्यावर पुढे कपूस्तिन यार वसले. खान वसंतात कळपांसह माळावर जात आणि हिवाळ्यात शहरी परतत. १३९५ मध्ये तैमूरने सराय उद्ध्वस्त केले आणि काठ पुन्हा तंबूंचा झाला. सतराव्या शतकात पूर्वेकडून काल्मिक आले. १७७१ च्या जानेवारीत त्यांच्यापैकी दीड लाखाहून अधिक माणसे रशियन अंमलाला कंटाळून कळपांसह चीनच्या सीमेकडे निघून गेली. वाटेत त्यांचे भयानक हाल झाले, निम्म्याहून कमीच पोचली. त्यांनी सोडलेल्या कुरणांवर, म्हणजे व्होल्गा आणि उराल या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, झार पहिल्या पावेलने १८०१ मध्ये सुलतान बुकेईच्या कझाकांना येऊ दिले. तीस-पस्तीस वर्षांतच तिथे जमिनीवरून बंड झाले. चांगली कुरणे खानाच्या नातलगांनी आणि नदीकाठच्या रशियन जमीनदारांनी बळकावल्याची तक्रार होती. १८३६ ते १८३८ च्या या उठावाचे नेते इसाताय तैमानउली आणि कवी माखाम्बेत. जमीन खरोखर कोणाची नसेल तर तिच्यासाठी माणसे मरत नाहीत, एवढी साधी गोष्ट या बंडातून दिसते.

रशियन आणि युक्रेनी शेतकरी या काठावर आले ते मिठाच्या मागोमाग. सरकारने १७४७ पासून एल्तोनचे मीठ काढायला सुरुवात केली आणि ते व्होल्गेपर्यंत वाहून नेण्यासाठी बैलगाड्यांचे तांडे लागले. गाडीवानांना पाणी हवे, बैलांना चारा हवा, मुक्कामाला घर हवे. अख्तुबाच्या काठाने स्लोबोदा, म्हणजे सरकारी शेतकऱ्यांच्या मोकळ्या वस्त्या, वाढल्या त्या या गरजेतून, आणि कपूस्तिन यार त्यांपैकीच एक. त्याच सुमारास याच काठावर तुती लावून रेशीम काढण्याचा सरकारी प्रयोगही झाला. शेतकऱ्यांना त्यात काडीचा रस नव्हता आणि तो बारगळला. मिठाला मात्र कोणी नको म्हटले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बास्कुन्चाकचे मीठ पुढे आले, त्याच्यासाठी लोहमार्ग पडला, आणि पुढे रुळांचे जाळे वाढत स्टालिनग्राडसमोरच्या, म्हणजे आजच्या व्होल्गोग्राडसमोरच्या, काठापर्यंत गेले. १९४२ च्या लढाईत शहराला डाव्या काठाकडून रसद पोचवण्यात याच मार्गाचा मोठा वाटा होता आणि त्यावर बॉम्बही तितकेच पडले. तेव्हा १९४६ मध्ये लष्कराचे अधिकारी नकाशा घेऊन बसले त्या वेळी कपूस्तिन यारला काय होते? रेल्वे, नदी, पिण्याचे पाणी, लाकडी घरांचे गाव, भाज्या, आणि शंभर किलोमीटरवर, मोडून पडलेले असले तरी, एक औद्योगिक महानगर. हे सगळे मिठाने बांधले होते आणि युद्धाने पक्के केले होते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. रसदीची सोय इतर शंभर गावांजवळही होती, निर्णायक मुद्दा पूर्वेकडच्या शेकडो किलोमीटरच्या विरळ वस्तीचाच होता. बरोबर आहे, अग्निबाणाला पल्ला लागतो आणि तो शहरांवरून सोडता येत नाही. पण ‘विरळ’ आणि ‘रिकामे’ यांतला फरक कोण ठरवतो ते पाहण्यासारखे आहे. १३ मे १९४६ च्या सरकारी ठरावाने सोव्हिएत अग्निबाण उद्योगाचा पाया घातला गेला आणि चाचणी केंद्रासाठी जागेचा शोध सुरू झाला. मेजर जनरल वासिली वोझ्न्यूक यांच्या पथकाने सात जागा पाहिल्या. शेवटी स्पर्धा राहिली ती कपूस्तिन यार आणि उत्तर कॉकेशसमधले नाउर्स्काया यांच्यात. नाउर्स्कायाला पशुपालन मंत्र्यांनी हरकत घेतली: तिथून डागलेले अग्निबाण ज्या माळावर पडतील ती मेंढ्यांच्या हिवाळी चराईची कुरणे आहेत, ती गेली तर पशुधनाचे नुकसान होईल. त्या कुरणांच्या बाजूने बोलायला मंत्रालयात माणूस होता, म्हणून ती रिकामी ठरली नाहीत. व्होल्गेपलीकडच्या कुरणांच्या बाजूने त्या टेबलावर कोणी बोलले नाही. दोन्ही ठिकाणी गवत तसेच विरळ आणि कळप तसेच फिरते. पावसाच्या आकड्यांनी हा निकाल लागलेला नाही.

या गप्पपणाचे कारण मागच्या पंधरा वर्षांत शोधावे लागते. कोणी म्हणेल, १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे सुमारे चार लाख जर्मन सायबेरियात व कझाकस्तानात हाकलले गेले आणि १९४३ च्या डिसेंबरात नव्वद हजारांहून अधिक काल्मिक गुरांच्या डब्यांत कोंबून पाठवले गेले, त्याने हा मुलूख मोकळा झाला. हा दुवा जोडण्याचा मोह मोठा आहे, पण तो पुरता टिकत नाही. जर्मन वस्त्या उत्तरेकडे होत्या, काल्मिकांची बहुतेक भूमी व्होल्गेच्या पश्चिमेला होती, आणि अग्निबाण पूर्वेकडे सुटणार होते. पूर्वेकडे होते कझाक. त्यांच्यावरचा घाला त्याआधीच पडला होता. १९३० ते १९३३ या काळात फिरत्या कळपवाल्यांना सक्तीने एका जागी बसवण्यात आले, जनावरे सामूहिक शेतीत जमा करण्यात आली, ती चाऱ्यावाचून मेली आणि माणसे त्यांच्यामागून. कझाकस्तानात सुमारे पंधरा लाख माणसे या दुष्काळात गेली, त्यांत कझाकांच्या एकूण संख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक होते. आणखी लाखो परागंदा झाले. जो माळ १९४६ मध्ये ‘विरळ वस्तीचा’ म्हणून नकाशावर दिसला, त्याची विरळता अशी ताजी होती.

१९४७ च्या ऑगस्टच्या अखेरीस पहिल्या तुकड्या आल्या. राहायला घरे नव्हती, म्हणून सैनिक तंबूंत, अभियंते विशेष रेल्वेगाडीच्या डब्यांत आणि बरेच अधिकारी गावकऱ्यांच्या घरांत, असा संसार मांडला गेला. ओसाड म्हणून निवडलेल्या जागेचा पहिला हिवाळा गावाच्या चुलींवर काढावा लागला. १८ ऑक्टोबर १९४७ ला जर्मन ए-४, म्हणजे जगाला व्ही-२ म्हणून ठाऊक असलेला, अग्निबाण मुख्य रचनाकार सेर्गेई कोरोल्योव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथून सोडला. तो दोनशेहून अधिक किलोमीटर गेला, पण ठरल्या रेषेपासून सुमारे तीस किलोमीटर डावीकडे भरकटला. नियंत्रण प्रणालीचे अभियंते बोरिस चेर्तोक यांनी आठवणींत लिहिले आहे की दोन दिवसांनी सुटलेला दुसरा अग्निबाण डावीकडे आणखी दूर भरकटला तेव्हा सुरक्षा खात्याचे सेरोव्ह यांनी विचारले, हा सारातोव्हवर गेला असता तर? सारातोव्ह पल्ल्याबाहेर होते, म्हणून बैठक शांतपणे पुढे गेली. डावीकडच्या त्या माळावर कोण होते हा प्रश्न त्या संवादात आलेला नाही. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत असे अकरा अग्निबाण सुटले. त्यानंतरचा क्रम सर्वांना ठाऊक असतो: १९५१ च्या जुलैत देझिक आणि त्सिगान या कुत्र्यांचे शंभर किलोमीटर उंचीवरून सुखरूप परतणे, १९६२ च्या मार्चमध्ये ‘कॉसमॉस-१’ हा उपग्रह. त्यामानाने कमी बोलले जाते ते २ फेब्रुवारी १९५६ बद्दल. त्या दिवशी इथून सुटलेल्या अग्निबाणाच्या टोकावर खरा अणुबॉम्ब होता आणि तो बाराशे किलोमीटरवर, अराल समुद्राजवळच्या वाळवंटात फुटला. (दूरचित्रवाणीवाल्यांना या सगळ्यापेक्षा इथल्या कथित उडत्या तबकड्या जास्त प्रिय आहेत. गुप्ततेची पोकळी अशा गोष्टींनीच भरते.)

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यात रशियाचे असे विशेष काय? असे तळ सगळ्यांनीच अशा जागी उभारले. खरेच आहे, आणि त्याने माझे म्हणणे बळकटच होते. अमेरिकेने न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स घेतले तेव्हा तिथले गुरे पाळणारे उठवले गेले. १९४७ मध्येच ऑस्ट्रेलियात वूमेरा सुरू झाले आणि ज्या वाळवंटावर अस्त्रे पडणार होती तिथल्या आदिवासींवर लक्ष ठेवायला सरकारला खास अधिकारी नेमावा लागला. रिकाम्या जमिनीला असा अधिकारी लागत नाही. भारतातही श्रीहरिकोटा बेट घेताना तिथले यानादी हलवले गेले. मासे आणि जंगल यांवर जगणाऱ्यांच्या नावे सातबारा नसतो. याउलट ऐंशीच्या दशकात ओडिशातल्या बालियापालला अस्त्रचाचणी केंद्र आणायचे ठरले तेव्हा विड्याच्या पानांचे मळे असलेल्या शेतकऱ्यांनी रस्ते अडवले, सरकारी गाड्या गावात येऊ दिल्या नाहीत आणि अखेर ते केंद्र तिथे झाले नाही. दारूगोळ्याला वाव लागतो हे कोणी नाकारत नाही. पण तो वाव बहुतेक वेळा तिथेच सापडतो जिथे जमीन वापरणाऱ्याचा वापर कागदावर उमटत नाही.

तिसरा आक्षेप गावाच्या बाजूने येतो. तळामुळे कपूस्तिन यारला रोजगार मिळाला, बाजार मिळाला, एरवी विस्मृतीत गेलेले नाव जगाला कळले. नाव कळले हे खरे, पण ते गावापासून तोडले गेले. गावाला लागून लष्करी नगर उभे राहिले, कुंपण आणि तपासणी चौक्यांमागे, आणि बरीच वर्षे त्याची ओळख ‘कपूस्तिन यार-१’ अशी होती. १९९२ मध्ये त्याचे नाव झ्नामेन्स्क झाले. ते आजही बंदिस्त शहर आहे. मूळ खेडे कुंपणाबाहेर राहिले, आणि लोकसंख्येत नगर त्याच्या कितीतरी पुढे गेले. गावाचे पाणीही दरम्यान दुसऱ्याच्या हाती गेले: व्होल्गोग्राडच्या वरचे धरण पन्नाशीच्या अखेरीस झाले, अख्तुबाचे जुने मुख बंद झाले, नदीला एका कालव्यातून पाणी मिळू लागले आणि वसंतातला पूर धरणातून किती सोडायचा यावर ठरू लागला. तो कमी पडला की कुरणे वाळतात आणि मासे अंडी घालायला तळ्यांत शिरू शकत नाहीत. याचा तळाशी संबंध नाही, पण रोजगाराचा हिशेब मांडताना ही बाजू गाळता येत नाही.

आपला या गावाशी संबंध १९ एप्रिल १९७५ चा. १० मे १९७२ ला झालेल्या भारत-सोव्हिएत करारानुसार बेंगळुरूजवळच्या पीन्या इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये यू. आर. राव यांच्या चमूने बनवलेला ३६० किलोचा ‘आर्यभट’ इथून कॉसमॉस-३एम अग्निबाणाने वर गेला. पाचव्या दिवशीच वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे त्यावरचे प्रयोग बंद पडले, पण उपग्रह बनवता येतो हे सिद्ध झाले होते. ‘भास्कर-१’ ७ जून १९७९ ला आणि ‘भास्कर-२’ २० नोव्हेंबर १९८१ ला गेले, तेही इथूनच. आर्यभटाची कक्षा विषुववृत्ताशी साधारण ५१ अंशांचा कोन करत होती आणि त्यामागे गावाचा भूगोल आहे. कपूस्तिन यार साडेअठ्ठेचाळीस अंश उत्तरेला आहे, आणि तिथून सुटलेला उपग्रह वाटेत मोठे वळण घेतल्याशिवाय त्याहून कमी कलाच्या कक्षेत जाऊ शकत नाही. दोन रुपयांच्या जुन्या नोटेवर मागच्या बाजूला हा उपग्रह छापलेला होता. त्या नोटेने मराठी घराघरांत या प्रक्षेपणाची खूण पोचवली, जागेचे नाव मात्र आपल्याकडे ‘रशिया’ एवढेच राहिले.

राहता राहिले मीठ. गावाला जन्म देणाऱ्या मिठाच्या घुमटांकडे शीतयुद्धात वेगळ्या दृष्टीने पाहिले गेले. कपूस्तिन यारच्या आग्नेयेला, जुन्या बुकेई टोळीच्या मुलखातल्या आझ्गिर इथे, १९६६ ते १९७९ या काळात जमिनीखालच्या मिठात १७ अणुस्फोट करण्यात आले. पोकळ्या तयार होतात का आणि त्यांत वायू-तेल साठवता येते का, हा त्यामागचा एक हेतू होता. तिथेही कळप होते आणि कळपांमागे माणसे. १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या अस्त्रांविषयीच्या करारानुसार सोव्हिएत संघाची आरएसडी-१० क्षेपणास्त्रे ज्या ठिकाणी नष्ट करण्यात आली त्यांपैकी एक कपूस्तिन यार. शेवटचे इथे १२ मे १९९१ ला फोडण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ संपला, आणि चाचणी क्षेत्राच्या पूर्वेकडचा मोठा भाग एका सकाळी परदेशात गेला. मग एक गंमत झाली. पंचेचाळीस वर्षे जिची किंमत शून्य धरली गेली होती त्या जमिनीचे, पश्चिम कझाकस्तान आणि आतिराऊ या दोन प्रांतांतल्या माळाचे, रशियाला भाडे भरावे लागू लागले. १९९६ च्या जानेवारीत करार झाले, क्षेत्रे मोजली गेली, दर ठरले. पुढे त्यातले काही तुकडे कझाकस्तानने परत घेतले. नाउर्स्कायाच्या कुरणांसाठी १९४६ मध्ये मंत्रालयातून एक हरकत आली होती. व्होल्गेपलीकडच्या कुरणांची हरकत नोंदवायला पन्नास वर्षे आणि एक वेगळे राष्ट्र लागले.